दरडीची पूर्वसूचना

सह्याद्रीच्या कुशीत वसलेला मुळशी तालुका म्हणजे पावसाचे माहेरघर होय. आषाढ-श्रावणात ताम्हिणी घाटाच्या कड्यांवरून असंख्य जलप्रपात कोसळू लागतात. ते दृश्य मोठे मनोहर असते. परंतु याच दिवसांत डोंगराचे दुसरे, भयंकर रूपही प्रकट होते. घाटात दरडी कोसळतात, वाटा बंद होतात आणि पायथ्याच्या वस्त्यांवर संकट ओढवते.

अचल म्हणून ज्याची ख्याती, तो डोंगर ढासळतो कसा? सह्याद्रीचा गाभा कठीण, काळ्या पाषाणाचा आहे. त्यावर माती व मुरूम यांचा थर असतो. कोरडेपणी त्यातील कण एकमेकांस धरून असतात. मात्र संततधार लागली, म्हणजे पाणी या थरात मुरते. खालच्या खडकात त्याला सहज वाट मिळत नाही. मग थर जड होतो आणि साचलेल्या पाण्याच्या दाबाने कणांची पकड सैल पडते. शेवटी सारा थर झाडाझुडपांसह खाली घसरतो. हिमालयातही हाच न्याय आहे. तेथे हिवाळी वादळात हवा उबदार होऊन बर्फावर पाऊस पडला, की ओला, जड झालेला बर्फ उतारावरून निसटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात.

पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा त्यावर कोसळला. एस. टी. बसच्या चालकास नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोचली. सुमारे दीडशे माणसे प्राणांस मुकली.

दरड पुष्कळदा आधी सूचना देते. उतारावर भेगा पडतात. झाडे व खांब कलतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. घराची दारे अडकू लागतात. ही चिन्हे दिसताच चीजवस्तू गोळा करीत न बसता, ओढ्याची वाट टाळून, उतारापासून दूर सुरक्षित जागी जावे व इतरांसही सावध करावे.

गुरे चारणाऱ्या मुलाच्या दृष्टीस अशी भेग सर्वांआधी पडण्याचा संभव असतो. ती त्याने तत्काळ घरी सांगावी. आणि पोरवयाचे बोलणे म्हणून वडीलधाऱ्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. घर पुन्हा बांधता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.