लोकेशन द्यावं, पण किती वेळ?

प्रश्न : मुलगी पुण्यात शिकते, रविवारी गडांवर जाते. फोनचं लोकेशन कायम चालू ठेव म्हटलं की ‘पाळत ठेवता का?’ म्हणून चिडते. काय करावं?

उत्तर : तिचं चिडणं रास्त आहे. ॲपला कायमची परवानगी दिली की दिवसभराची ये-जा नोंदली जाते, आणि ॲप फुकटातलं असेल तर ती माहिती पुढे कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही. वेगळं ॲप घेऊच नका. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांपुरतं देता येतं. मुदत संपली की ते आपोआप बंद होतं. गडाच्या दिवशी ८ तास पुरे. एरवी विचारूही नका.

मात्र डोंगराआड रेंज गेली की नकाशावरचा ठिपका तिथेच थिजतो, तेव्हा लगेच धास्तावू नका. जीपीएसला रेंज लागत नाही, ठिकाण पाठवायला लागते. म्हणून वाट, सोबती आणि परतायची वेळ घरी नि पायथ्याच्या गावात सांगून ठेवणं जास्त खात्रीचं. रेंज अगदीच क्षीण असली तरी अक्षांश-रेखांश लिहिलेला साधा एसएमएस अनेकदा जातो. आणि तिला बजावा, अडचणीत आधी ११२ लावायचा, आईबाबांना मग.