गप्पीची पिल्लं कधी होणार?

प्रश्न : आमच्या टाकीतल्या गप्पी मादीचं पोट खूप फुगलंय. पिल्लं कधी होतील, हे कसं ओळखायचं?

उत्तर : नुसत्या पोटावर जाऊ नका, भरपेट खाल्लेली मादीही तशीच दिसते. पोटाच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या अलीकडे काळपट डाग असतो, तो पाहा. दिवस भरत आले की तो मोठा आणि गडद होतो. फिक्या रंगाच्या मादीत तर आतल्या पिल्लांचे डोळेही बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. पोट समोरून चौकोनी वाटू लागलं, मादी खाणं सोडून हीटरमागे एकटी राहू लागली, की बहुधा एक-दोन दिवसांचा प्रश्न.

पिल्लं दिसतील ती तारीख लिहून ठेवा. पुढची खेप साधारण ३ ते ४ आठवड्यांनी, टाकीत नर नसला तरी येऊ शकते. मादी शुक्राणू काही महिने साठवून ठेवते.

जाळीच्या पेटीत तिला आठवडाभर आधी कोंडणं मला पसंत नाही, ती बिथरते. त्यापेक्षा पिल्लांना लपायला जावा मॉस ही पाणवनस्पती दाट सोडा, कारण पिल्लं गिळण्यात आईच पुढे असते. मात्र खवले उभे राहून अंग काटेरी दिसत असेल, तर ती गाभण नसून आजारी आहे. लगेच वेगळी काढा.