संदेशातील रूपके आणि हरवलेला कर्ता

‘मुख चंद्रासारखे’ ही उपमा आणि ‘मुखचंद्र’ हे रूपक, असे आम्ही वर्गात शिकवितो. उपमेय व उपमान एकच मानले, की रूपक होते. ते केवळ कवींचे अलंकार आहे, असा मात्र समज करून घेऊ नये. ‘डोके हँग झाले’, ‘आज बॅटरी संपली’, ‘त्याला आयुष्यातून डिलीट केले’ असे संदेश आपण रोज पाठवितो. त्यांत मनुष्यदेह यंत्र झालेला असतो, तोही नकळत.

जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन या अभ्यासकांनी 1980 साली एका ग्रंथात दाखवून दिले, की रूपक बोलण्याइतकेच विचारालाही वळण लावते. वादाला आपण युद्ध मानतो. म्हणून वाद ‘जिंकतो’ किंवा ‘हरतो’, त्यातून शिकतो असे क्वचितच म्हणतो.

याच दृष्टीने ‘व्हायरल’ हा शब्द तपासू. तो विषाणूवरून आला. रोग पसरण्यास रोग्याची इच्छा लागत नाही. साहजिकच ‘मेसेज व्हायरल झाला’ या वाक्यात पाठविणारा माणूस उरत नाही. वस्तुतः कोणाचे तरी बोट लागल्याशिवाय संदेश पुढे सरकत नाही.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. ‘अफवेने बळी घेतले’ असे अशा वेळी म्हटले जाते. हेही रूपकच, यातही मारणारे हात आणि अफवा पुढे पाठविणारी बोटे दृष्टीआड होतात. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ती मर्यादा बोटावरच होती.

या वसतिगृहात आपण सर्वांनी पंचशील ग्रहण केले आहे. त्यातील चौथे शील खोटे बोलण्यापासून परावृत्त करते. बोटाने पाठविलेला शब्दही त्यातून सुटत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आम्ही एक छोटा स्वाध्याय सुचवितो. ‘व्हायरल झाले’ हे वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहावे : ‘मी हे न तपासता चाळीस जणांना पाठविले.’ हे वाक्य लिहिताना हात अडखळला, तर तो संदेश तेथेच थांबवावा.