पक्षी खातात, म्हणून आपण खावं का?

प्रश्न : मोशीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला पोपटी पानांची झुडपं आहेत. छाटायची राहिलेल्या काहींना जांभळी फुलं आली आणि आता पिवळ्या-केशरी फळांचे घोस लोंबतायत. बुलबुल ती खातात, म्हणून नातवंडंही तोडतात. हे झाड कोणतं? फळं चालतात का?
– एक आजी, मोशी

उत्तर : आजी, वर्णनावरून हा ड्युरांटा वाटतो. फळाच्या टोकाला बारीक वाकडी चोच असेल, तर बहुधा तोच. हा मूळचा उष्ण अमेरिकेतला, घाणेरीच्या कुळातला.

फळं अजिबात खाऊ देऊ नका. पक्ष्यांना ती पचतात, पण माणसांना आणि कुत्र्या-मांजरांना बाधतात. मळमळ, उलट्या, ताप, गुंगी येऊ शकते. जास्त खाल्ल्यास झटकेही येतात.

मुलं आज ठणठणीत असतील, तर घाबरू नका. पुढे कुणी खाल्लंच, तर तोंडातला चोथा काढून चूळ भरायला लावा. उलटी मुद्दाम काढू नका. फळांसह फांदी घेऊन डॉक्टरांकडे जा. गुंगी किंवा झटके आल्यास लगेच १०८ ला फोन करा.

कुंपण उपटायची गरज नाही. माळ्याला नियमित छाटायला सांगा. फुलंच धरली नाहीत, तर फळं कुठून येणार? आलेले घोस काढून टाका. खेळायच्या जागेजवळ मात्र जास्वंद लावलेली बरी. खाण्याजोगी फळं हवीत, तर आपली करवंद आहेच. फक्त काटे सांभाळा.