जिवंत पानाचा जमाखर्च

उभ्या पिकाचे पान बोटांत धरून पिकाची प्रकृती ओळखणे, ही आपल्या शेतकऱ्याची जुनी विद्या होय. परंतु पान पिवळे पडलेले किंवा मलूल झालेले डोळ्यांना दिसते, तेव्हा आतील नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. अतिउष्मा, दीर्घकाळचा पाण्याचा ताण, शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर आलेले तणनाशक यांचा परिणाम पानाच्या ऊर्जा साठविण्याच्या कार्यावर रंग बदलण्याच्या आधीच होऊ लागतो. हे कार्य पान न तोडता मोजता येईल काय, या प्रश्नाचे शास्त्रज्ञांनी दिलेले उत्तर मोठे मनोवेधक आहे.

पूर्वीची रीत सरळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यूलियस सॅक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सकाळी पानाचा अर्धा भाग कापून घ्यावयाचा, उरलेला अर्धा झाडावरच उन्हात राहू द्यावयाचा आणि काही तासांनी तोही कापून दोन्हींचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे वाळवून तोलावयाचे, असा प्रघात पाडला. वजनातील वाढ हीच पानाची त्या दिवसाची कमाई. हिशेब लागे, पण खातेदार उरत नसे! आपल्याकडे कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या प्राणवायूची आपोआप नोंद करणारे यंत्र सिद्ध केले व १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपल्या प्रयोगांची हकीकत दिली. वनस्पतीस इजा न करता तिच्याच हातून तिची नोंद करून घेण्याची ही दृष्टी काळाच्या पुढची होती. मात्र पाण्याबाहेरच्या पानांचे बुडबुडे मोजता येत नाहीत. पुढे पान चिमट्यासारख्या पारदर्शक कुपीत धरून त्याने किती कार्बन डाय-ऑक्साइड शोषला, हे अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजणारी उपकरणे आली. ती आजही सर्वत्र वापरात आहेत. तथापि ती वायूचा हिशेब देतात. ऊर्जेचा हिशेब त्यावरून अनुमानाने काढावा लागतो.

ऊर्जेचा प्रत्यक्ष हिशेब हवा असेल, तर पानात शिरलेल्या प्रकाशाचे काय होते ते पाहिले पाहिजे. हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. काही भाग रासायनिक रूपाने साठविला जातो, काही उष्णता होऊन निघून जातो आणि अगदी थोडा, सामान्यतः शेकडा एक-दोन टक्के, तांबड्या चमकेच्या रूपाने परत बाहेर पडतो. ऊर्जा नाहीशी होत नाही. तेव्हा गळती मोजता आली, की उरलेली रक्कम म्हणजे शिल्लक. पान उघडून पाहण्याची गरजच नाही.

उष्णतेची गळती मोजण्याची युक्ती चक्क कानाची आहे. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८० साली असे आढळून आले, की तुटक-तुटक प्रकाशझोत घन पदार्थावर पाडला असता त्यातून ध्वनी निघतो. प्रकाश पडताच पदार्थ तापतो, भोवतालची हवा किंचित फुगते. प्रकाश थांबताच ती आकसते. हाच तो ध्वनी. ही गोष्ट जवळजवळ नव्वद वर्षे कुतूहल म्हणून पडून राहिली. १९७० नंतर अमेरिकेत ॲलन रोझेनक्वाइग यांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि इस्रायलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत श्मुएल माल्किन, डेव्हिड काहेन व त्यांचे सहकारी यांनी ती हिरव्या पानांना लावली.

प्रयोग असा. लहानशा बंद कुपीत पान व मायक्रोफोन असतात. सेकंदाला शेकडो वेळा तुटणारा मंद झोत पानावर पडतो आणि मायक्रोफोन पानाचा ‘आवाज’ टिपतो. प्रकाशाचा जो अंश साठविला गेला, तितका आवाज कमी भरतो. पण कमी कशाच्या तुलनेने? येथे खरी चतुराई आहे. त्याच वेळी पानावर दुसरा, अतिशय प्रखर परंतु अखंड प्रकाश सोडतात. तो तुटत नसल्यामुळे मायक्रोफोनला ऐकू येत नाही. मात्र पानाची साठवणयंत्रणा त्याने पूर्ण गुंतून जाते. मग मंद झोताची ऊर्जा साठविण्यास जागाच उरत नाही, ती जवळजवळ सर्व उष्णता होते आणि आवाज वाढतो. समजा, आधी तो ८० होता व आता १०० झाला. म्हणजे पान शेकडा २० टक्के ऊर्जा साठवीत होते. दुसऱ्या कोणत्याही मापाचा आधार न घेता पान स्वतःच स्वतःचे माप होते. प्रस्तुत लेखक विज्ञानशाखेचा नसला, तरी या युक्तीतील सौंदर्य जाणण्यास पदवीची आवश्यकता भासत नाही.

आणखी एक गंमत. झोत सावकाश, म्हणजे सेकंदाला दहावीस वेळा तोडला, तर पानातून ठोक्याठोक्याने सुटणारा प्राणवायूही दाब निर्माण करतो व तो आवाजात मिसळतो. झपाट्याने तोडल्यास हरितकणांतून बाहेर झिरपणाऱ्या वायूला ठोका सांभाळता येत नाही आणि केवळ उष्णतेचा आवाज उरतो. म्हणजे एकाच यंत्राने वायू व ऊर्जा दोन्हींचा मागोवा घेता येतो. आरंभी या प्रयोगांसाठी पानाची चकती कापावी लागत असे. १९९० नंतरच्या दशकात ब्राझीलमधील संशोधकांनी जिवंत रोपाचे पानच कुपीचे झाकण व्हावे अशी रचना केली, त्यामुळे तीही अडचण दूर झाली.

तांबड्या चमकेची वाट १९३१ साली जर्मनीत हान्स काउट्स्की यांनी दाखविली. अंधारात ठेवलेल्या पानावर एकाएकी प्रकाश टाकला की चमक प्रथम वाढते आणि पान कामाला लागताच मंदावते. १९८० नंतरच्या दशकात उलरिख श्रायबर यांनी उन्हातही ही चमक वेगळी टिपणारे उपकरण तयार केले. अर्धा तास अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाचा आकडा यावर सुमारे ०.८३ येतो आणि आश्चर्य असे, की नाना जातींच्या वनस्पतींत तो जवळपास तोच राहतो. आता तर उपग्रहही ही चमक टिपतात. हरितगृह वायू मोजण्याकरिता २००९ साली सोडलेल्या जपानच्या ‘गोसॅट’च्या नोंदींवरून २०११ मध्ये पृथ्वीवरील वनस्पतींच्या चमकेचे पहिले नकाशे निघाले.

अर्थात, या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. मायक्रोफोन सांगतो ती शिल्लक काही सहस्रांश सेकंदांतील असते. तिचा मोठा वाटा साखर होईपर्यंत व नंतर श्वसनात खर्ची पडतो. तांबड्या प्रकाशाची ऊर्जा साखरेत उतरते ती हिशेबाने फार तर एकतृतीयांश. संपूर्ण सूर्यप्रकाश धरला, तर भात, गहू, कापूस यांच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४.६ टक्के, तर ज्वारी, मका व ऊस यांच्या बाबतीत सुमारे ६ टक्के येते. शेतात प्रत्यक्ष पडणारी भर त्याहूनही पुष्कळ कमी असते. ताण सोसणारे वाण निवडताना प्रत्येक रोपाची, तीही वारंवार, परीक्षा घ्यावी लागते आणि पान तोडून ती घेता येत नाही. या पद्धतींचे मोल तेथे कळते.

मोजणीची वेळही महत्त्वाची असते. भर दुपारी निरोगी पानाचाही आकडा घसरतो, कारण जादा ऊर्जा उष्णतेच्या वाटेने सोडून देऊन पान स्वतःचा बचाव करीत असते. म्हणून तेच पान पहाटे, सूर्योदयापूर्वी, पुन्हा तपासतात. रात्रीतून आकडा सावरला असेल तर तो केवळ बचाव होता. पहाटेही तो खालीच राहिला, तर पानाला इजा झाली आहे असे समजतात.