पहिला नेम : मुलाला शूटिंग रेंजवर पहिल्यांदा नेताना



आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती जत्रेत. समोर फुग्यांचा बोर्ड, मागे रांग, शेजारी हसणारी भावंडं. फुगा फुटला की टाळ्या, नाही फुटला की "अरे, नीट बघ की!" त्या गर्दीत बंदूक कुणाकडे वळली, बोट कुठे होतं, याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सगळ्यांच्या नजरा फुग्यावर.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या होत्या आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्णपदक जिंकलं होतं. या दोघीही कोल्हापूरच्याच. मग घरातलं पोरगं "मलाही शूटिंग शिकायचंय" म्हणालं तर नवल काय?

माझा अकरा वर्षांचा भाचाही असंच म्हणाला आणि मी त्याला रेंजवर घेऊन गेलो. त्या दिवशी तो जेवढं शिकला त्याहून जास्त मी शिकलो. ते काय, हे आजच्या पाठात बघू.

१. जाण्याआधी : मूल तयार आहे का?

पालक पहिला प्रश्न वयाचा विचारतात. वयाची अट प्रत्येक रेंजची वेगळी असते, ती फोन करून विचारून घ्या. पण वयापेक्षा महत्त्वाची एक साधी चाचणी तुम्ही घरीच घेऊ शकता. मूल खेळात अगदी रंगलेलं असताना "थांब" म्हणा. एका हाकेत थांबतं का? की "एकच मिनिट, एवढं झालं की" म्हणतं? क्रिकेटमध्ये ते एक मिनिट चालतं, रेंजवर चालत नाही. न थांबणारं मूल वाईट असतं असं नाही, फक्त त्याला अजून सहा महिने द्यावेत.

दुसरी चाचणी डोळ्याची. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्या फटीतून लांबचं घड्याळ बघायला सांगा. आता एकेक डोळा आळीपाळीनं मिटायचा. ज्या डोळ्यानं बघताना घड्याळ फटीतच राहतं, तो मुलाचा प्रबळ डोळा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. हे प्रशिक्षकांना आधीच सांगितलं तर मुलाची निष्कारण ओढाताण होत नाही.

२. बंदूक समजून घेऊ

मुलांची सुरुवात साधारणपणे एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते. यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. टार्गेट १० मीटरवर असतं. म्हणून ही बंदूक खेळणं ठरत नाही. छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

स्पर्धेच्या एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. अकरा वर्षांच्या मुलानं ते उभ्यानं पेलायचं म्हणजे हात थरथरणारच. त्यामुळे पहिल्या दिवशी बसून, टेबलावर आधार देऊन नेम धरायला शिकवतात. "माझा मुलगा उभ्यानंच मारेल" असा हट्ट कृपया धरू नका.

आता टार्गेट बघा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा. आणि सगळी वर्तुळं मिळून बाहेरचा व्यास साडेचार सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणून पहिल्याच दिवशी छर्रा काळ्या गोलात गेला तरी मुलाचं कौतुक करायला हरकत नाही.

३. चार नियम, आणि त्यांची कारणं

नियम पाठ करून घेण्याआधी त्याचं कारण सांगा. कारण कळलं की मूल नियम विसरत नाही.

(अ) नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेनं. बंदूक रिकामी असली तरी. "रिकामी आहे" हे आपल्याला वाटत असतं, आणि वाटणं चुकू शकतं.

(आ) नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. दचकलं, शिंक आली, पाय घसरला की माणसाची मूठ आपोआप आवळते. बोट बाहेर असेल तर काही बिघडत नाही.

(इ) प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही आणि "स्टॉप" ऐकलं की तिथंच थांबायचं. नेम कितीही छान जुळलेला असो. मारून झालं की बंदूक उघडून नळीत रंगीत दोरी घालतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. बंदूक रिकामी आहे हे त्या दोरीमुळे लांबूनही दिसतं.

(ई) डोळ्यांवर चष्मा, आणि रेंजवर खाणंपिणं नाही. छर्रे शिशाचे असतात. काही जण मोकळे हात नसले की छर्रा ओठांत धरतात, तसं मुळीच करू नये. घरी निघण्याआधी साबणानं हात स्वच्छ धुवायला लावा.

४. माझी चूक

आता जे घडलं ते सांगतो. भाच्याला हे सगळे नियम तोंडपाठ होते. आदल्या रात्री मीच त्याच्याकडून म्हणून घेतले होते. रेंजवर मॅडमनी त्याला बसवलं, बंदूक खांद्याला लावून दिली, छर्रा भरायला शिकवलं. पहिले तीन छर्रे कागदाच्या कडेला गेले. चौथा काळ्यात गेला. मागे बाकावर बसलेल्या मला राहवलं नाही. मी मोठ्यानं ओरडलो, "किती आले रे?"

तो वळला. "मामा, बघ की! काळ्यात!" आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातली बंदूकही वळली.

मॅडमनी एका हातानं नळी धरून पुन्हा टार्गेटकडे केली. आवाज चढवला नाही. बंदूक रिकामी होती, नुकताच छर्रा सुटला होता. काही झालं नाही. पण शेजारच्या लेनवर एक मुलगी बसली होती, आणि क्षणभर ती नळी तिच्या अंगावरून फिरली होती. माझ्या पोटात गोळा आला.

मॅडमनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं बाहेर बस." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्हीही."

आम्ही दोघं पायरीवर बसलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता मला परत घेणार नाहीत ना?" असं त्यानं दोनदा विचारलं. वीस वर्षं वर्गात "शिस्त, शिस्त" म्हणणारा मी गप्प होतो, कारण नियम त्यानं मोडला असला तरी मोडायला मी लावला होता. तसं त्याला सांगितलं. "चूक तुझी अर्धी, माझी पूर्ण," म्हटलं. तेव्हा कुठे तो जरा सावरला.

पालकांनो, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. मूल बंदुकीशी असताना मागून हाक मारायची नाही, फोटोसाठी "इकडे बघ" म्हणायचं नाही, गुण विचारायचे नाहीत. तुमचा आवाज ऐकून वळायची सवय त्याला जन्मापासून आहे. आदल्या रात्री पाठ केलेला नियम त्या सवयीपुढे टिकत नाही.

५. नेम कसा धरायचा?

दहा मिनिटांनी त्याला आत घेतलं. मग मॅडमनी शिकवलेल्या पायऱ्या अशा :

• शरीर सैल ठेवायचं. बंदूक टार्गेटकडे ओढून धरावी लागत असेल तर बसणं चुकलंय. खुर्ची हलवा, हात ताणू नका.

• एक श्वास घ्यायचा, निम्मा सोडायचा आणि थांबायचं. छाती हलली की नळी हलते.

• मागच्या साइटच्या छिद्रातून पुढच्या साइटचं वर्तुळ बघायचं आणि त्याच्या मधोमध काळा गोल आणायचा.

• चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. नक्की कधी सुटेल हे आपल्यालाही कळू नये इतका हळू.

• छर्रा सुटला तरी एक-दोन सेकंद तसंच राहायचं. लगेच मान वर काढून बघितलं की पुढच्या वेळी सुटायच्या आधीच मान वर येते.

साइट जुळण्याला एवढं महत्त्व का? आठवीनंतरच्या विद्यार्थ्यांनी समरूप त्रिकोण आठवावेत. समजा दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर आहे आणि टार्गेट १० मीटरवर. १० मीटर म्हणजे ८० सेंटिमीटरच्या साडेबारा पट. मग पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली तर छर्रा टार्गेटवर साडेबारा मिलिमीटर सरकतो. दहा गुण जायचे तिथे थेट सहाच्या आसपास! भूमितीचा तास कशासाठी, असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्या.

६. न मारलेला छर्रा

पाचव्या-सहाव्या छर्र्यानंतर एक गोष्ट झाली. भाच्यानं नेम धरला, श्वास रोखला, आणि बराच वेळ तसाच राहिला. नळीचं टोक हलायला लागलं. मला वाटलं, आता घाईनं चाप ओढणार. पण त्यानं बोट बाहेर घेतलं, मान उचलली, श्वास सोडला आणि नळी समोरच ठेवून मॅडमना म्हणाला, "नाही जमलं. परत धरू?"

मॅडम म्हणाल्या, "आज तू केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ही."

अर्जुनाची गोष्ट आपण सगळ्यांनी वर्गात ऐकली आहे. आपण पोपटाचा डोळा म्हणतो, मूळ महाभारतात अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसतं. पण त्या गोष्टीत दोन गोष्टी आपण सांगायच्या विसरतो. एक म्हणजे तो पक्षी कारागिरांनी बनवलेला होता, जिवंत नव्हता. नेमबाजी शिकायला जिवंत पक्षी लागत नाही. गच्चीवर एअरगन घेऊन कबुतरं, चिमण्या टिपणाऱ्या मोठ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दुसरी म्हणजे द्रोणांनी युधिष्ठिरापासून एकेकाला प्रश्न विचारून बाण न सोडताच बाजूला व्हायला सांगितलं. मन ठिकाणावर नसेल तर बाण सोडायचा नाही, हा धडा बाकीच्या सगळ्यांना मिळाला. शाळेत आपण मात्र फक्त पहिला आलेल्याची गोष्ट सांगतो.

वजन पेलत नाही, श्वास संपला, नेम हलतोय, अशा वेळी बंदूक खाली घेणं हे नेमबाजीतलं कौशल्यच आहे. मोठे खेळाडूही ते करतात. १० मीटरच्या पात्रता फेरीत ६० शॉट आणि त्यासाठी ७५ मिनिटं असतात. म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. एखादा नेम सोडून देऊन पुन्हा धरायला त्यात वेळ मिळतो.

७. घरी परतताना

कागद घरी घेऊन या. पण बेरीज करू नका, छिद्रं कुठे आहेत ते बघा. छिद्रं एकमेकांजवळ असतील तर, मध्यापासून लांब असली तरी, मूल दर वेळी तीच कृती करतंय. उरलेलं काम साइटच्या स्क्रूचं. छिद्रं विखुरलेली असतील तर एखादा दहा आला तो नशिबाचा.

आणि "किती आले?" ऐवजी "आज किती वेळा थांबलास?" असं विचारा. आम्ही परत येताना मी तेच विचारलं. तो म्हणाला, "तीन वेळा. आणि एकदा तुझ्यामुळे." बसमध्ये शेजारचे काका हसले. मी कान पकडले.

स्वाध्याय

१. राजूचे पाच शॉट : १०, ८, ४, ६, ३. सलमाचे पाच शॉट : ६, ६, ५, ६, ५, आणि तिची पाचही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. बेरीज कोणाची जास्त? पुढच्या आठवड्यात कोण पुढे जाईल असं तुम्हाला वाटतं? कारण लिहा.

२. पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरा. पुढची साइट १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल?

३. पालकांसाठी : मूल अभ्यास करत असताना, सायकल शिकत असताना, मंचावर बोलत असताना तुम्ही मागून किती वेळा हाक मारता? आठवडाभर मोजा. आकडा कुणाला सांगायची गरज नाही.

उत्तरं वहीत लिहा. पुन्हा भेटू पुढच्या पाठात.