गळते कुठे, आवाज येतो कुठे?

रात्री सारे घर निजल्यावर संडासातून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज तुम्हांला कधी ऐकू आला आहे का? आला असेल तर उद्या एक पेन्सिल घेऊन फ्लशच्या टाकीपाशी जा. दाब, तरफ आणि उत्प्लावक बल हे तिन्ही धडे तेथे एकाच झाकणाखाली सापडतील.

आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडांना मिळून गच्चीवर एकच टाकी आहे. एकदा असे होऊ लागले की, रात्री दहाला तीत वीतभर पाणी असे आणि पहाटे सहाला नळ कोरडे! तळमजल्यावरचे बिऱ्हाडकरू रात्री पिंपे भरून ठेवतात, असा सर्वांना संशय आला. जिन्यात दोन दिवस बोलाचाली झाली. बोलणाऱ्यांत मीही होतो. तिसऱ्या रात्री तो ‘सूं’ मला माझ्याच घरात ऐकू आला.

झाकण काढून पाहिले. आवाज पाणी आत सोडणाऱ्या बॉल कॉकमधून येत होता. मी त्याचा वायसर बदलला. आवाज जसाच्या तसा! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याची ही चूक कशी झाली, हे कळण्यासाठी टाकीची रचना पाहू या.

टाकीला दोन दारे असतात. आत येण्याच्या दाराशी बॉल कॉक. पाणी चढले की पोकळ गोळा वर उचलला जातो आणि त्याचा दांडा तोटीचे तोंड दाबून बंद करतो. हा दांडा म्हणजे तरफच. गोळ्याकडची भुजा लांब व तोटीकडची आखूड असल्यामुळे थोड्या बलाचे मोठे बल होते. बाहेर जाण्याच्या दाराशी, म्हणजे तळाला, रबराची झडप असते. तिच्या पोटात हवा असल्याने एकदा उचलली की पाणी संपत येईपर्यंत ती तरंगत राहते. मग खाली बसते आणि वरचे पाणीच तिला दाबून धरते. भोकाचा व्यास ६ सेंटिमीटर व पाण्याची उंची २० सेंटिमीटर धरली, तर झडपेवर जवळजवळ ५६० ग्रॅम पाण्याचा भार येतो. एवढ्या भाराखालीही ती गळते, कारण कडेखाली वाळूचा कण किंवा क्षारांचा थर आला तर फट राहतेच.

आता माझी चूक पाहा. झडप गळली की पातळी किंचित उतरते, गोळा खाली येतो आणि बॉल कॉक थोडा उघडून तेवढेच पाणी आत घेतो. आवाज होतो तो तेथे! बिचारा बॉल कॉक आपले काम चोख करत होता. बॉल कॉकच बिघडला असता तर पातळी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी वाहिले असते. भांड्यात मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच धार दिसते.

म्हणून दोन्ही दारांची परीक्षा एकाच वेळी घेऊ नये. टाकीच्या नळीवरचा अँगल कॉक पूर्ण बंद करा, पाण्याच्या पातळीशी आतून पेन्सिलीने रेघ ओढा आणि घड्याळ लावून बसा. पातळी उतरली तर गळती बाहेरच्या वाटेने आहे. न उतरली तर दोष बॉल कॉकचा. उतरता उतरता मध्येच थांबली, तर त्याच उंचीवर कोठे तडा आहे का ते शोधा. खात्रीसाठी श्रीखंडात घालतात तो खाण्याचा रंग टाकीत टाका. अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला की झडप पकडली गेली. (पावसाळ्यात टाकी बाहेरून ओली दिसते, ते बहुधा हवेतले बाष्प असते. ते थेंब रंगीत नसतात.)

माझ्या टाकीत पातळी २ मिनिटांत १ सेंटिमीटर उतरली. टाकीची लांबी ४० व रुंदी १५ सेंटिमीटर, म्हणजे २ मिनिटांत ६०० घन सेंटिमीटर, तासाला १८ लिटर! भोक किती मोठे असेल? टॉरिसेलीच्या नियमाने २० सेंटिमीटर पाण्याखालून धार सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने निघते. सेकंदाला ५ घन सेंटिमीटर पाणी जाण्यास अडीच चौरस मिलिमीटरची फट पुरते. मोहरीचा दाणा जेमतेम जाईल एवढी! दिवसाला ४३२ लिटर जाणार. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे तीन माणसांचे पाणी त्या फटीतून जात होते.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. टाकी रिकामी करून झडप काढली, बैठक ओल्या फडक्याने पुसली आणि क्षारांवर व्हिनेगरचा बोळा ठेवला. सुरीने खरवडू नका. एक चरा पडला की नवी झडपही गळते. रबर कडक झाले असेल तर झडपच बदलावी.

राहिला रात्रीचा हिशेब. गच्चीवरच्या टाकीचा व्यास १ मीटर, वीत २० सेंटिमीटर; पाणी सुमारे १५७ लिटर. आठ तासांत माझी गळती १४४ लिटर. कागद घेऊन मी तळमजल्यावर गेलो आणि सारे सांगितले. गृहस्थांनी बेरीज-वजाबाकी नीट तपासली व विचारले, “सर, उरलेले १३ लिटर?”

रात्री कोणी तरी एकदा फ्लश ओढला असेल, असे मी म्हणालो. ते हसले, आणि त्यांनी चहा ठेवायला सांगितला.